फाटकासमोर उभी राहिलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी शिकवणीची गाडी आहे. बाकीच्या गाड्यांना चालवता येणारी माणसे मिळतात. मला आयुष्यभर न येणारीच मिळाली. जो मला नीट चालवू लागला, तो हात हलवून दुसऱ्या गाडीकडे निघून गेला. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. माझे कामच ते होते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. रांगेत आम्ही चाळीस जणी होतो, सगळ्या पांढऱ्या. शेवटच्या तपासणीच्या टेबलापाशी एका बाईने मऊ फडक्याने माझी पुढची काच पुसली आणि बॉनेटवर थाप मारली. तेव्हा मला वाटले होते, आपण कुणा श्रीमंताच्या दारात सावलीत उभ्या राहू. पण मला घेतले एका ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या माणसाने. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या लग्नाला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. ते मला न्यायला आले तेव्हा त्यांची बायको सोबत होती. तिला गावभर वहिनी म्हणत, तिच्या वडिलांच्या वयाचे लोकसुद्धा.

आल्या आल्या मला गॅरेजवाल्या मिस्त्रींकडे नेले. मिस्त्रींनी चालकाच्या शेजारच्या सीटपुढे आणखी एक क्लच आणि आणखी एक ब्रेक बसवला, म्हणजे शिकणारा घाबरला तर मास्तरांना गाडी आवरता यावी. मग रंगाऱ्याने माझ्या चारही बाजूंना शाळेचे नाव आणि फोन नंबर लिहिला. अक्षरे हातभर उंच होती.

"एवढं मोठं कशाला?" वहिनींनी विचारले.

"लांबून दिसायला हवं," मास्तर म्हणाले.

शाळा म्हणजे घराची पुढची खोली. तिथे भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा मोठा तक्ता, एक टेबल आणि टेबलावर फोन. वहिनी काठी घेऊन खुणा शिकवत, फोन घेत, कुणाची शिकवणी कधी ते ठरवत. मास्तर रस्त्यावर शिकवत. मास्तर कधी कुणावर ओरडले नाहीत. गाडी बंद पडली, खांबाला घासली, गटाराच्या काठावर लटकली, तरी ते म्हणत, "हरकत नाही. पुन्हा."

काय काय नमुने आले म्हणून सांगू! एक नर्सबाई होत्या, त्या वळण आले की डोळे मिटून घेत. एक शिंपीदादा माझा ॲक्सिलरेटर शिलाई मशीनसारखा टाचेने-चवड्याने हलवत. मी रस्त्यावरून बेडकासारखी जाई. एक निवृत्त न्यायाधीश होते. चौकात आले की ते दोन्ही बाजूंचा इतका शांतपणे विचार करत, की तोवर सिग्नल पुन्हा लाल होई. ते सहा वर्षे शिकत होते. मला ते फार आवडत.

वहिनी मात्र स्वतः कधी शिकल्या नाहीत. "घरात एक ड्रायव्हर पुरे," असे त्या म्हणत आणि शेजारच्या सीटवर पाय वर घेऊन बसत.

आता मित्रांनो, मोठ्यांच्या काही गोष्टी मुलांना सांगू नयेत असे म्हणतात. पण मी गाडी आहे. पुढच्या सीटवर काय बोलले जाते ते मागच्या सीटवर सगळे ऐकू येते, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. तेव्हा मी सरळच सांगते.

मास्तरांना आणि वहिनींना मूल हवे होते, आणि ते होत नव्हते. महिन्यातून दोनदा आम्ही तिघे मोठ्या शहरातल्या दवाखान्यात जात असू. तपासण्या झाल्या, औषधे झाली, इंजेक्शने झाली. ती इंजेक्शने बर्फाच्या डब्यात ठेवून मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून आणावी लागत. दोष नक्की कुणाचा ते डॉक्टरांनाही सांगता येईना. "थोडं तुमच्याकडे, थोडं यांच्याकडे," असे काहीतरी ते म्हणत. जाताना दोघे गप्पा मारत, नावे ठरवत, त्या नावांवरून वाद घालत. येताना पाण्याच्या टाकीजवळ थांबून संत्री खात. पहिली दोन वर्षे खात. पुढे नुसतेच थांबत. त्याच्या पुढे थांबेनासे झाले.

पाचव्या वर्षी एकदा खरोखर गोड बातमी आली. मास्तर मला रोज धुऊ लागले. स्पीडब्रेकर दिसला की मला मुंगीसारखे चालवू लागले. नऊ आठवडे असे आनंदात गेले. मग एका सकाळी आम्ही घाईने दवाखान्यात गेलो, आणि दुपारी परत निघालो तेव्हा वहिनी मागच्या सीटवर आडव्या झाल्या होत्या. वाटेत स्पीडब्रेकर आला. मास्तरांनी सवयीने मला अगदी हळू केले.

"आता हळू चालवायची गरज नाही," वहिनी म्हणाल्या.

पुढचे सगळे स्पीडब्रेकर मास्तरांनी तसेच हळू पार केले.

त्यानंतर एका वर्षाने वहिनी मला टेकून म्हणाल्या, "मला आता हे नको. दवाखाना नको, औषधं नकोत. बास झालं."

"बरं," मास्तर म्हणाले.

मी पुढच्या शब्दाची वाट पाहिली. वहिनींनीही पाहिली असावी. पण पुढचा शब्द आलाच नाही. मास्तरांना वाटले, 'बास झालं' हे आपल्याबद्दलही आहे. वहिनींना वाटले, 'बरं' म्हणजे सुटलो. विचारले कुणीच नाही. शाळा जोरात चालली होती, पण माझ्या पुढच्या दोन सीटवर ती दोघे एकत्र बसेनाशी झाली.

अशात केकवाली बाई शिकायला आली. तिचे केकचे छोटे दुकान होते, आणि केक पोचवायला तिला स्वतः गाडी चालवायची होती. एकटीच राहायची. स्वभावाने वाईट नव्हती, हे मी आधीच सांगते. गाडी बंद पडली की ती पोट धरून हसे, आणि मग मास्तरही हसत. मास्तर कितीतरी दिवसांनी हसताहेत, हे मला स्टिअरिंगपर्यंत जाणवे. ती पहिल्याच खेपेला परीक्षा पास झाली. वहिनींनी स्वतःच्या हाताने तिला परवाना दिला, तिने वहिनींना केक दिला. पण दर गुरुवारी तीन वाजता मास्तर मला घेऊन तिच्या दुकानामागच्या गल्लीत जातच राहिले. घरी सांगत, "शिकवणी आहे."

परवाना मिळालेल्या माणसाची शिकवणी कसली? मास्तर त्या बाईच्या प्रेमात पडले होते आणि घरी खोटे बोलत होते. गोष्ट एवढीच आहे, आणि एवढी पुष्कळ आहे.

मला फार लाज वाटे. पण सांगायला हरकत नाही, थोडे हसूही येई. चोरून भेटायला जाताना शहाणा माणूस पायी जाईल, गर्दीच्या बसने जाईल. आमचे मास्तर जात होते चारही बाजूंना स्वतःच्या शाळेचे नाव आणि घरचा फोन नंबर लिहिलेल्या गाडीतून. शिवाय त्या अरुंद गल्लीत मला लावायला एकच जागा होती, एका काकांच्या फाटकासमोर.

काकांनी चार गुरुवार सहन केले. पाचव्या गुरुवारी त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे जायचे होते. त्यांनी माझ्या दारावरचा नंबर वाचला आणि फोन लावला. फोन उचलला वहिनींनी.

हे मला पुढे वहिनींच्याच तोंडून कळले. काका म्हणाले, "तुमची गाडी दर गुरुवारी आमच्या फाटकासमोर असते. तास तास हलत नाही."

वहिनींनी कुठल्याही तक्रारीसारखा पत्ता लिहून घेतला. लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला, कारण याच गल्लीचे नाव त्यांनी दोन महिन्यांपूर्वी एका परवान्याच्या अर्जावर लिहिले होते. "आलेच," त्या म्हणाल्या. खुंटीवरची माझी दुसरी किल्ली घेतली आणि बस पकडली.

त्यांनी दुकानाकडे पाहिलेसुद्धा नाही. माझे मागचे दार उघडले, आत बसल्या आणि मांडीवर पर्स ठेवली. काका फाटकात उभेच होते. पाऊण तासाने मास्तर आले, गुणगुणत बसले, किल्ली फिरवली, आणि शिकवतात तसा आधी आरसा नीट केला. आरशात वहिनी होत्या.

मी त्या क्षणी बंद पडले. मास्तरांच्या हातून मी बंद पडण्याची ती पहिलीच वेळ.

"आधी फाटकासमोरून गाडी काढा," वहिनी म्हणाल्या. "काकांना दातांच्या डॉक्टरकडे जायचंय."

मास्तरांनी पुन्हा सुरू केली. मी पुन्हा बंद पडले. काका खिडकीशी वाकले आणि वहिनींना समजुतीने म्हणाले, "नवीन आहेत वाटतं? शिकतील हळूहळू."

"बघू," वहिनी म्हणाल्या.

आम्ही घरी आलो. त्यानंतर तीन दिवस मी दारात उभी होते. शिकवण्या बंद. घरात काय झाले ते मला माहीत नाही. खिडक्या लावलेल्या होत्या. एकदा मास्तर बाहेर आले, माझ्यात बसले, काही न करता अर्धा तास बसून राहिले आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी ते पायी त्या गल्लीकडे गेले आणि गेल्या पावली परत आले. ते प्रकरण तिथे संपले.

चौथ्या दिवशी सकाळी वहिनी बाहेर आल्या. पायात चपलांऐवजी नाडीचे बूट होते. त्या चालकाच्या सीटवर बसल्या आणि मास्तरांना म्हणाल्या, "शिकवा."

मास्तर शेजारी बसले.

"मी परवाना काढणार आहे," वहिनी म्हणाल्या. "तो हातात आला की कुठे जायचं ते मी ठरवीन. तोवर मला काही विचारायचं नाही."

"परीक्षेला कधी बसवायचं ते मी सांगतो," मास्तर सवयीने बोलून गेले. शाळेचा तो नियम होता.

"म्हणून तर तुमच्याकडे शिकतेय. किती खरं बोलता ते कळेल."

मित्रांनो, त्या सहा-सात आठवड्यांइतके हाल माझे शिंपीदादांनीही केले नव्हते. वहिनी खुणा तोंडपाठ असलेली बाई, पण क्लच सोडायच्या तो बंदुकीचा चाप ओढल्यासारखा. पहिले आठ दिवस त्या फक्त कामापुरते बोलल्या. "डावीकडे?" "हो." "आता?" "हरकत नाही. पुन्हा." दोघांची नजर समोर रस्त्यावर. एकमेकांकडे पाहावे लागत नसल्यामुळेच असेल, पण नवव्या दिवशी, भाजीबाजाराच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये, वहिनी म्हणाल्या, "का गेलात तिच्याकडे?"

मला भीती वाटली की मास्तर पुन्हा नुसते 'बरं' म्हणतील.

"दर महिन्याला निकाल यायचा," ते म्हणाले. "दर महिन्याला मी नापास. तुझ्याकडे बघितलं की तेच आठवायचं. तिला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तिच्यासमोर मी नापास नव्हतो."

"आणि मी कुठे पास होत होते?" वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मी तिसऱ्या गिअरचा वेग घेतला होता. "सुया मला टोचत होत्या. मी कुणाकडे जायचं होतं? मला तर गाडीही येत नव्हती."

"समोर बघ. म्हैस."

वहिनींनी ब्रेक दाबला. म्हैस रस्ता ओलांडून सावकाश गेली. तिला कसली घाई नव्हती.

"तुम्ही मला अंड्यांच्या ट्रेसारखं चालवत न्यायचात," वहिनी म्हणाल्या. "सगळं फुटून गेल्यावरसुद्धा. एकदा तरी गाडी बाजूला घेऊन रडायचं होतंत माझ्याबरोबर."

"मला वाटलं, मी रडलो तर तुला जास्त त्रास होईल."

"विचारायचं होतं."

मग मास्तर रडले. मान खाली घालून, आवाज न करता. वहिनींनी त्यांना गप्प केले नाही आणि जवळही घेतले नाही. मला हँडब्रेक लावून न्यूट्रलमध्ये टाकले, हे मात्र अगदी बरोबर केले.

त्या दिवसापासून बोलणे सुरू झाले. भांडणेही झाली. एकदा तर चौकात इतकी जुंपली की मागच्या ट्रकवाल्याने खाली उतरून दोघांना पाणी दिले. क्लच जळाला. मिस्त्रींनी तो काढून उन्हात धरला आणि म्हणाले, "हा शिकण्यानं नाही झिजला, रागानं झिजलाय. बदलून देतो. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

एका दुपारी वहिनी रिव्हर्सचा सराव करत असताना केकवाली रस्त्याने आली. थबकली, मग धीर करून खिडकीशी आली. "माझं चुकलं," ती म्हणाली. "तुम्ही मला इतकं मनापासून शिकवलंत, आणि मी..."

वहिनींनी तिच्याकडे नीट पाहिले. "हो, चुकलं," त्या म्हणाल्या. "आता जरा बाजूला व्हा, मला गाडी मागे घ्यायचीय." आणि मला एका दमात, खांबाला न घासता, मागे घेतले. तिने पुढे दुकान दुसऱ्या भागात हलवले असे ऐकले.

सातव्या आठवड्यात एका संध्याकाळी वहिनींनी मला दारात लावले. मास्तर उतरले नाहीत.

"तू तयार आहेस," ते म्हणाले.

"नक्की?"

"दोन आठवड्यांपूर्वीच होतीस. मी बोललो नाही."

"ठाऊक आहे," वहिनी म्हणाल्या. "चढावर तुमचा पाय ब्रेकवरून उचललेला असायचा. मी वाट बघत होते, कधी सांगताय त्याची."

वहिनी पास झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी डिकीत एक बॅग ठेवली आणि मला घेऊन एकट्या निघाल्या. मास्तर दारात उभे होते. कुठे, कधी परत, काही विचारायचे नाही असे ठरले होते, म्हणून त्यांनी विचारले नाही. फक्त माझ्या चारही चाकांतली हवा तपासून दिली.

आम्ही वहिनींच्या ताईकडे गेलो, तीन तासांवर. पहिला तास वहिनी स्टिअरिंग इतके घट्ट धरून होत्या की मला कळ लागली. दुसऱ्या तासाला त्यांनी काच खाली केली. तिसऱ्या तासाला त्या गात होत्या, बेसूर आणि मोठ्याने. तिथे अकरा दिवस राहिलो. भाचरे माझ्यात कोंबून त्या नदीवर गेल्या, डोंगरावर गेल्या. ताई म्हणाली, "इथेच राहा. नोकरी बघू." वहिनींनी विचार केला. खरोखर केला, मी साक्षीदार आहे. रोज सकाळी त्या माझ्या बॉनेटवर चहाचा कप ठेवून विचार करत.

दहाव्या दिवशी न्यायाधीशांचा फोन आला. "वहिनी, तुमच्या जागी मास्तर खुणा शिकवताहेत. 'थांबा' आणि 'थांबू नका' यांत त्यांचा गोंधळ होतोय. माझा तर आणखीच झालाय." वहिनी इतक्या हसल्या की कप बॉनेटवरून पडला. हसून झाल्यावर डोळे पुसत त्या ताईला म्हणाल्या, "मला तिथे राहायचंय गं. ती शाळा माझीपण आहे. त्यांचं काय करायचं ते मी तिथे राहून बघते."

परतलो तेव्हा दारात दोन स्कूटरच्या मध्ये जेमतेम माझ्यापुरती जागा होती. वहिनींनी मला एका खेपेत तिथे बसवले. मास्तर बाहेर आले. त्यांनी दोन्ही बाजूंचे अंतर डोळ्यांनी मोजले.

"मी आलेय," वहिनी म्हणाल्या. "विसरलेली नाही."

"हो."

"आता मीपण रस्त्यावर शिकवणार. बायकांना. आणि काही झालं की बोलायचं. 'बरं' म्हणून गप्प बसायचं नाही."

"बरं," मास्तर म्हणाले, आणि घाईघाईने पुढे म्हणाले, "म्हणजे, बोलेन."

सगळे एका दिवसात नीट झाले असे मी सांगणार नाही. पुढे वर्षभर, जुनी आठवण आली की वहिनी शेजारी न बसता मागच्या सीटवर जाऊन बसत. मास्तर कारण विचारत आणि उत्तर ऐकून घेत. हळूहळू ते दिवस कमी झाले. मूल झाले नाही. त्याचे दुःख होते आणि आहे, पण आता दोघे त्याबद्दल एकत्र बोलतात. कधी कुणाचे तान्हे बाळ पाहून एकाला गलबलले तर दुसऱ्याला ते लगेच कळते. वहिनींनी शेकडो बायकांना गाडी शिकवली. न्यायाधीशही अखेर पास झाले. तो निकाल त्यांना इतका अनपेक्षित होता की त्यांनी परीक्षा घेणाऱ्या साहेबांना फेरविचार करायला सांगितले.

आता मी म्हातारी झाले. माझ्या जागी नवी निळी गाडी आली आहे. मला भंगारात काढले नाही. अंगणातल्या पत्र्याखाली ठेवले आहे. चाक कसे बदलायचे, बॉनेटखाली काय असते, ते नवे विद्यार्थी माझ्यावर शिकतात. दर रविवारी मला पुसतात.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीला तेल-पाणी वेळेवर द्या, तिची कुरकुर कान देऊन ऐका. आणि मोठे झाल्यावर कुणासोबत संसार थाटाल, तर त्या माणसाकडेही तेवढेच लक्ष द्या. मनात आले ते विचारून घ्या, अंदाज करत बसू नका. मी दोन माणसांना एकाच शब्दावरून दोन वेगळ्या दिशांना जाताना पाहिले आहे.

आज सकाळचीच गोष्ट सांगते. नवी गाडी अंगणातून बाहेर काढायची होती. मास्तर आत बसले होते आणि वहिनी मागे उभ्या राहून हातवारे करत होत्या.

"अहो, उजवीकडे!"

"कुणाच्या उजवीकडे? तुझ्या की माझ्या?"

"सगळ्यांच्या उजवीकडे. तीस वर्षं शिकवताय ना?"

"मग तूच ये की इथे."

"येते. उतरा."

अर्धा तास हे चालू होते. पलीकडच्या घरातली माणसे खिडकीत येऊन बघत होती. मी पत्र्याखाली सावलीत, ते भांडण ऐकता ऐकता, निवांत डोळे मिटून घेतले.